माग कुणाचा

हॅगशॉ, मार्टिनमसच्या आदल्या दिवशी, नोव्हेंबर १५५३

माइल्स,

हे पत्र तुला कुणीतरी वाचून दाखवणार, कारण तुला अक्षर येत नाही. म्हातारे फादर आपल्याला शिकवायला बसवायचे तेव्हा मी बसायचे आणि तू मेंढ्यांमागे पळायचास. तेव्हा वाचणाऱ्या भल्या माणसा, आधी तुम्हालाच सांगते. सावकाश वाचा आणि मधलं काही गाळू नका. माझा भाऊ खाली बघत असेल तर तो ऐकतोय असं समजा. वर बघत असेल तर त्याचं लक्ष दुसरीकडे आहे, पुन्हा पहिल्यापासून वाचा.

तू लिंकनच्या बाजूला आहेस हे मला मीठवाल्याकडून कळलं. आठ महिने झाले. गेलास तो माझ्या दारावरून गेलास आणि थांबला नाहीस. मी उंबऱ्यातच उभी होते. हातात पिंजायचे फणे होते, म्हणून हात वर केला नाही. एवढंच.

माइल्स, मी खरं बोलले. माझा हात बायबलवर होता. तुझ्या खटल्यात न्यायाधीश साहेबांनी कायदा वाचून दाखवला तेव्हा तूही तिथेच होतास: लोकर ज्याला कातायची-विणायची आहे त्यानेच ती घ्यावी, नुसती घेऊन पुढे विकणारा गुन्हेगार. मग त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमच्या घरात खिडकीपाशी दुसरा माग आहे, तो या तुमच्या भावाचा का?" मी म्हणाले, "नाही साहेब, तो आमचा आहे." आता सांग, यात खोटं काय? तो माग आमच्याच घरात होता. आदल्या रविवारी तू येऊन माझ्या नवऱ्याला, गिल्बर्टला म्हणाला होतास, "विचारलं तर माझा म्हणा, म्हणजे मी विणकर ठरतो, म्हणजे सुटतो." गिल्बर्टने मान डोलावली होती. पण साहेबांनी गिल्बर्टला विचारलं नाही, मला विचारलं. मी मान डोलावली नव्हती.

तुझी लोकर जप्त झाली, सातही तट्टं गेली, याचं मला वाईट वाटलं. ते सांगायला लिहिते आहे.

गावात तेव्हा सगळे खूश होते. मोठे कापडवाले मास्टर लॅसेट चर्चच्या दारात उभे राहून म्हणाले, "मेंढपाळ आणि विणकर यांच्या मधे जो उभा राहतो तो दोघांचंही लोणी खातो." सगळे म्हणाले, खरंय. तुझ्याकडून तीन महिने उधारीवर लोकर नेणारा मॅथ्यू सगळ्यांत मोठ्याने म्हणाला. आता लोकर स्वस्त होईल म्हणून एफम म्हातारीने चरख्याला नवी दोरी घातली.

रविवारची प्रार्थना संपली की लोक अजून चर्चच्या त्या भिंतीपाशी घुटमळतात, जिथे तू पोती उघडून बसायचास. कुणाला अर्धा दगड वजनाची लोकर हवी असायची, कुणाला पाव. तुझ्या तराजूतला तो चौदा पौंडांचा दगड अजून तिथेच गवतात पडलाय. पोरं त्यावर बसतात. लोक थोडा वेळ उभे राहतात, हवेबद्दल बोलतात आणि घरी जातात.

इथे धुकं उतरलंय. तीन दिवस समोरची टेकडी दिसलेली नाही. ताणायला लावलेली कापडं तेवढी दिसतात, तीही मधूनच, जशी कुणी धुक्यातच वाळत घातलीत. परवा चरख्यावर बसल्याबसल्या माझा डोळा लागला. गिल्बर्ट म्हणतो, हात फिरतच होता. स्वप्नात घर गुडघाभर लोकरीने भरलं होतं आणि मी पलीकडच्या भिंतीकडे चालले होते. चालणं मऊ होतं, आवाज कसलाच नव्हता, आणि भिंत काही येत नव्हती. भीती वाटली नाही. उलट जाग आल्यावर वाईट वाटलं.

जेवतोस ना वेळेवर?

जेनेट


हॅगशॉ, लेडी डेनंतरचा बुधवार, मार्च १५५४

माइल्स,

तुझं उत्तर नाही. नसू दे. पहिलं पत्र पोचलं असं कापडं घेऊन जाणारा सांगतो, म्हणजे तू ऐकलंस. वाचणाऱ्या माणसा, तुम्ही दया करून दोन ओळी का नाही लिहिल्यात? तो बोलला नाही तरी त्याचा चेहरा कसा होता एवढं तरी सांगायचं.

लोकर स्वस्त झाली नाही. लोकर नाहीच. म्हणजे आहे, हॅलिफॅक्सच्या बाजारात येते, पण अख्खी गासडी घ्या म्हणतात. अख्खी गासडी उचलायला घोडा लागतो, आणि घोड्याला गवत लागतं. आमच्याकडे दोन्ही असतं तर आम्ही तुझ्या भिंतीपाशी कशाला आलो असतो? तू होतास तेव्हा शनिवारी कापड विकायचं, रविवारी पुढच्या आठवड्याची लोकर घ्यायची, असं चाललं होतं. कुणी श्रीमंत झालं नाही, पण सोमवारी सकाळी प्रत्येक घरातून मागाचा आवाज यायचा.

गासड्या सगळ्या मास्टर लॅसेट घेतात. कायदा त्यांनाही लोकर पुढे विकू देत नाही, म्हणून ते विकत नाहीत. ते ती लोकांच्या दारात टाकून जातात. आपण पिंजायची, कातायची, विणायची. कापड त्यांचं. आपल्याला आठवड्याची मजुरी. कायदा ते अगदी अक्षर न अक्षर पाळतात. मॅथ्यू आता त्यांच्यासाठी विणतो. परवा मी त्याला म्हणाले, "मधला माणूस गेला, आता लोणी कोण खातं रे?" तर म्हणाला, "लोणी कुठलं, ताकसुद्धा दिसत नाही, आणि तू तोंड उघडू नकोस, जेनेट. तुझ्याच तोंडाने गेला तो."

तू हसला असतास.

आम्ही अजून मजुरीवर गेलेलो नाही. मूरच्या उजाड माळापलीकडे, सहा मैलांवर, एक मेंढपाळ आहे. तो दगड-दोन दगड देतो, पण स्वतः विणणाऱ्यालाच, आणि आधी शपथ घ्यायला लावतो. कायद्याची त्यालाही धास्ती. गिल्बर्टच्या छातीला ती चढण झेपत नाही, म्हणून मी जाते. पहाटे निघते, लोकर डोक्यावर घेऊन दुपारी परत. वाटेत माणूस भेटत नाही. गवत, दगड आणि वारा. डोक्यावर ओझं असलं की मान वळत नाही, नुसतं समोरच बघावं लागतं, आणि समोर नुसतं आभाळ असतं. मैलभर चालल्यावर आपण चालतोय की उभे आहोत ते कळत नाही. अशा वेळी मी तुझ्याशी बोलते. तू उत्तरं चांगली देतोस तेव्हा.

मागच्या खेपेची लोकर वरून सोन्यासारखी होती आणि आत नुसती विष्ठा, गवत आणि डांबराचे गोळे. मेंढपाळ म्हणाला, "मेंढीला काय मी धुऊन चरायला सोडू?"

घर बरं आहे. हिवाळा निघाला. खिडकीपाशी हल्ली चांगलं ऊन येतं, तिथे बसून मी हे लिहिते आहे. एफम म्हातारी तुझी आठवण काढते. म्हणते, "तुझा भाऊ लबाड होता, पण वजन झाल्यावर वरून एक मूठ टाकायचा. देवमाणसं तेवढंही टाकत नाहीत."

जेनेट


हॅगशॉ, लॅमसचा दिवस, ऑगस्ट १५५४

माइल्स, आणि फादर ऑसविन,

आता तुमचं नाव कळलं, फादर. तुम्ही पूर्वी मठात होता, मठ बंद झाल्यावर माइल्स राहतो त्याच घरात माडीवर राहता, हेही कळलं. देव तुमचं भलं करो. तुमच्या चार ओळी मी इतक्या वेळा वाचल्यात की कागद घडीवर फाटायला आलाय.

तुम्ही लिहिता: "तुमचा भाऊ भिंतीकडे तोंड करून ऐकतो. उत्तर काय लिहू विचारलं तर म्हणाला, काही नको. मी दौत बंद केल्यावर म्हणाला, ती पोत्याच्या वरची लोकर बघून घेत असेल, तिला सांगा कोपरापर्यंत हात घाल, आणि बाहेर काढून नाकाशी धर, ओल्या लोकरीला तळघराचा वास येतो. मग मी जिन्यापर्यंत गेलो तेव्हा म्हणाला, आणि विचारा, खिडकीपाशी ऊन कसं येतं."

कोपरापर्यंत हात घातला, माइल्स. मेंढपाळाचं तोंड बघण्यासारखं झालं. "कुणी शिकवलं?" म्हणाला. मी म्हणाले, "एक लबाड माणूस आहे आमच्याकडे." आता तो मला धाकट्या मेंढ्यांची, मानेकडची लोकर देतो. गिल्बर्ट म्हणतो, इतकं सरळ सूत त्याने पाच वर्षांत पाहिलं नव्हतं.

ऊन येतं कारण उन्हाळा आहे. दुसरं काय.

आता एक गंमत ऐक. एफमला मूर चढवत नाही. चर्चपर्यंत येते तीच दोनदा बसून. ती म्हणाली, "जेनी, तू जातेसच तर माझ्यासाठी अर्धा दगड आणशील? आतापर्यंत घर सूत विकून चाललं, मजुरीवर कातायला लागले तर मास्टरांचा माणूस रोज येऊन विचारेल, म्हातारे, किती झालं." मी आणली. पैसे तिचेच होते. तिने माझ्या हातावर वरचं एक नाणं ठेवलं. मी नको म्हणाले. ती म्हणाली, "अगं घे. तुझ्या डोक्याला काय भाडं नाही?" मी घेतलं.

पुढच्या खेपेला शेजारची जोन आली, मग मॅथ्यूची बायको गुपचूप. आता मी एक दगड आमचा आणि दीड दगड इतरांचा आणते. मधल्या टेकडीवर बसून भाकरी खाताना माझ्या लक्षात आलं की मी काय झाले आहे. मला इतकं हसू आलं की ओटची कोरडी भाकरी घशात अडकली. खाली दरीत ढग होते, मी त्यांच्या वर बसले होते, आणि कायद्याने जे करायला बंदी आहे नेमकं तेच मी त्या लख्ख उन्हात बसून करत होते.

तुला असंच वाटायचं का रे, तट्टांबरोबर चालताना? कधी सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. मला वाटायचं तू नुसता चालतोस आणि आमच्या पैशांनी जाडा होतोस. आणि तू तर कधी जाडाही झाला नाहीस.

वजन झाल्यावर वरून एक मूठ टाकते. माझ्या वाट्यातली.

जेनेट


हॅगशॉ, पाम संडेच्या आधीचा शुक्रवार, एप्रिल १५५५

माइल्स,

फादर ऑसविन, हे वाचताना घाई करू नका. आणि त्याला भिंतीकडून तोंड वळवायला सांगा.

मला पकडलं होतं. सुटले, काळजी करू नकोस.

चूक माझीच. कुणाची किती लोकर ते विसरू नये म्हणून मी प्रत्येक घरची जुडी त्याच घरच्या सुताने बांधत होते. एफमचं तपकिरी, जोनचं निळं. त्या दिवशी नुसती माझी आणि एफमची होती. मूर उतरून ओढ्यापाशी आले तर गावचा शिपाई आणि कापड तपासणारा एक माणूस उभे. त्या माणसाने लोकर बघितलीच नाही, गाठी बघितल्या. म्हणाला, "एका घरच्या लोकरीला दोन रंगांच्या गाठी कशाला, बाई?" तुझ्यासारख्या जुन्या माणसाने असली चूक केली नसती. मला वाटतं मी इतके दिवस त्या रस्त्यावर एकटीच होते की कुणी बघणारं असतं हेच विसरले होते.

न्यायालयाचं तेच दालन, माइल्स. तीच गार फरशी, उंच खिडकीतून येणारा तोच पांढरा उजेड. तेच साहेब, फक्त आता कानाने कमी. तेच बायबल, उजवा कोपरा झिजलेलं. मी तुझ्याच जागी उभी होते. तुझ्या जागेवरून साक्षीदाराचा चेहरा दिसत नाही, पाठ आणि हात तेवढा दिसतो. हे मला ठाऊक नव्हतं.

एफमला दोघांनी धरून आणलं. साहेबांनी विचारलं, "तपकिरी गाठीची लोकर कुणाची?"

एफम म्हणाली, "माझी, साहेब."

"या बाईने तुला विकली?"

"विकते कशाला? मीच घेतली, मेंढपाळाकडून, हातात पैसे देऊन. हिने फक्त आपलं डोकं उसनं दिलं."

"म्हणजे तू मूर ओलांडून सहा मैल गेलीस?"

"गेले की."

साहेबांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "कशी?"

"येताना उतार होता, साहेब."

"आणि जाताना?"

"जाताना तरुण होते."

शिपाई खोकल्यासारखा हसला. साहेबांच्याही ओठांचा कोपरा हलला. पण पुस्तक पुढे आलं आणि ते गंभीर होऊन म्हणाले, "म्हातारे, यावर हात ठेवून बोल. नीट विचार कर." एफमने हात ठेवला. तो थरथरत होता. ती म्हणाली, "लोकर माझी, चालले मी, घेतली मी." एका दमात, जशी प्रार्थना म्हणतात. मी तिच्या पाठीकडे बघत होते. शालीला पाठीवर एक ठिगळ आहे, त्याचे टाके मी मोजले. अकरा.

दुसऱ्याच्या लोकरीचं ओझं वाहायला कायद्याची बंदी नाही. सोडलं.

घरी येताना मी तिला अर्धी वाट पाठीवर घेतलं. लोकरीपेक्षा हलकी आहे. मी विचारलं, "एफम, पुस्तकावर हात होता. भीती नाही वाटली?"

"वाटली ना."

"हात केवढा थरथरत होता."

"हात रोजच थरथरतो, कुणाला काय कळतंय." मग थोडं गेल्यावर माझ्या कानाशी म्हणाली, "मला त्या पुस्तकाची भीती आहे, जेनी. पण तू गेलीस तर मला मास्टरांचं सूत कातावं लागेल, आणि तू तिथे उभी होतीस, आणि मला एवढंच दिसत होतं. पुढचं देव आणि मी बघून घेऊ. तो मला सत्तर वर्षं ओळखतो."

तेव्हापासून मी नीट झोपलेली नाही असं नाही. झोपते. पण रोज तेच दालन दिसतं आणि तो पांढरा उजेड, आणि कुणीतरी मला प्रश्न विचारतं आणि मी तोंड उघडते, तर तोंडातून लोकर येते. मऊ, धुतलेली, न संपणारी. मी ओढत राहते. दुखत नाही. नुसतं उत्तर काही देता येत नाही.

फादर ऑसविन, तो काही म्हणाला तर लिहा. काही म्हणाला नाही तरी लिहा.

जेनेट


हॅगशॉ, कँडलमास, फेब्रुवारी १५५६

माइल्स,

तुम्ही दोघांनीही लिहिलं नाहीत. दहा महिने. मी समजू शकते.

आज चर्चमध्ये नवा कायदा वाचून दाखवला. इथल्या चार जाणत्या लोकांनी लंडनला अर्ज केला होता. त्यात काय लिहावं म्हणून ते घरोघर विचारत फिरले होते. माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांना दुपारभर सोडलं नाही. तुझी भिंत, पाव दगड, कापड विकून झाल्यावर पैसे घेणं, वरची मूठ, सगळं सांगितलं. लिहिणारा म्हणाला, "बाई, पार्लमेंटला मूठ नको, कारण हवं." मी म्हणाले, "मूठ हेच कारण आहे." त्याने लिहिली नाही वाटतं. पण आमच्या गरजेचं त्यांना पटलं. या टेकड्यांवर धान्य पिकत नाही, माणसं गरीब आहेत, घोडा ठेवू शकत नाहीत, म्हणून आमच्या या परगण्यापुरतं लोकरवाल्याने लोकर आणून गरिबांना थोडी थोडी विकावी, त्याला शिक्षा नाही. बाकी देशात बंदीच. फक्त इथे नाही.

वाचून झाल्यावर सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मग मॅथ्यू म्हणाला, "बोलाव त्याला, जेनेट." त्याचा आवाज बरा होता. मला मात्र बसावंसं वाटलं.

आता ऐक. ऊन कसं येतं म्हणून तू विचारलं होतंस. तिथे आता माग नाही, म्हणून ऊन येतं. पहिल्याच हिवाळ्यात, तू गेल्याला वर्ष व्हायच्या आत, लोकर नव्हती आणि पीठ संपलं होतं तेव्हा, मी बापाचा माग मास्टर लॅसेटना विकला. त्यांच्या लांब खोलीत अकरा माग ओळीने उभे आहेत. खिडकीकडून चौथा आपला. बसायची फळी बापाच्या वजनाने डावीकडे खचलीय, त्यावरून ओळखू येतो. त्यावर बसणारा माणूस उजवीकडे सरकून बसतो, आणि मला तिथे जाऊन त्याला सांगावंसं वाटतं की असं नाही बसायचं.

मी तुला लिहिलं की मी खरं बोलले. खरंच बोलले. पण ते खऱ्यासाठी बोलले नाही. बाप मरताना माग कुणाचा ते बोलला नव्हता. तू कधी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाहीस, तुझा जीव रस्त्यात. मी त्याला तेल घालायचे, धूळ पुसायचे, आणि मनात तो माझा झाला होता. तू त्या रविवारी येऊन म्हणालास, "नुसतं माझा म्हणा," तेव्हा मला वाटलं, एकदा साहेबांसमोर, पुस्तकावर हात ठेवून तुझा म्हटला की तो कायमचा तुझा. उद्या लग्न करशील, बायको येईल, म्हणेल आमचा माग द्या. साहेबांनी विचारलं तेव्हा माझ्या मनात देव नव्हता, कायदा नव्हता, मास्टरांचं लोणीही नव्हतं. चार खांब आणि एक खचलेली फळी होती. मला ठाऊक होतं तुझं काय होईल. ठाऊक असूनही बोलले, आणि बोलून झाल्यावर एक क्षण मला बरं वाटलं. हे मी गिल्बर्टलाही सांगितलेलं नाही. तो समजतो मी फार देवभीरू बाई आहे.

एफमने हात ठेवला तेव्हा मला कळलं की तिथे उभं राहून दुसरंही काही करता येतं.

मी क्षमा मागते आहे. ती सरळ शब्दांत मागायला तीन वर्षं लागली, कारण दर वेळी मी कागदावर हवा, लोकर आणि ऊन लिहीत बसले.

हे पत्र मी कुणाच्या हातात देणार नाही. इतकं दुसऱ्याच्या तोंडून ऐकवायचं नसतं, आणि बिचाऱ्या फादर ऑसविननी आमची धुणी किती दिवस धुवायची. सोमवारी निघते. एफमने प्रवासासाठी भाकऱ्या भाजून दिल्यात, एवढ्या कडक की वाटेत कुणी अडवलं तर फेकून मारता येतील. गिल्बर्ट म्हणतो, चार दिवसांची वाट, बाईमाणूस एकटी कशी जाणार. मी म्हणाले, दोन वर्षं डोक्यावर अडीच दगड घेऊन गेले, आता तर डोकं रिकामं आहे.

तुझ्यासाठी काय न्यायचं ते मला सुचलं नाही. तट्टं माझ्याकडे नाहीत. माग नाही. म्हणून हे पत्रच नेते आहे. दार उघडलंस तर आत बसून वाचेन. उघडलं नाहीस तर बाहेर उभी राहून, मोठ्याने. शेजारी ऐकतील. ऐकू देत, लिंकनलाही कळू दे की हॅगशॉच्या जेनेटने काय केलं. मग तू यायचं की नाही ते तूच ठरव. नाही आलास तर मी रागावणार नाही, पण चांगली लोकर कुणाकडे मिळते तेवढं दाखव, कारण रविवारी लोक भिंतीपाशी उभे राहणार आहेत, आणि तू आणली नाहीस तर ती मला आणावी लागेल.

आता हा फादरांचा आवाज नाही, माझा आहे. दार उघड, माइल्स. बाहेर थंडी आहे.